सांडपाण्यावरचा मोगरा

दिवाळी अंकात वैशाखाविषयी लिहावे, ही गोष्ट सकृद्दर्शनी कालविपर्यासाची वाटेल. कारण अंक वाचकाच्या हाती पडतो तेव्हा पारिजातकाचा सडा ओसरू लागलेला असतो, शेवंती ऐन भरात असते, आणि उन्हाळ्याची आठवण कोणालाही नको असते. परंतु ज्याच्या दारी मोगऱ्याची चार झाडे आहेत त्याला ठाऊक असते की, वैशाखातल्या फुलांचा विचार दिवाळीचे आकाशकंदील उतरताच सुरू करावा लागतो. मार्गशीर्षात मोगऱ्याचे पाणी हळूहळू तोडावयाचे, पौषात ते जवळजवळ बंद करावयाचे, पाने झडतील तितकी झडू द्यावयाची, माघाच्या सुमारास मन घट्ट करून छाटणी करावयाची आणि बुडाशी कुजलेले शेणखत घालून मग पहिले पोटभर पाणी द्यावयाचे. कारण मोगऱ्याची कळी जुन्या लाकडावर धरत नाही, ती त्या वर्षीच्या कोवळ्या फुटीच्या शेंड्यावर येते, आणि विश्रांती व उपवास घडल्यावाचून ही फूट जोमाने निघत नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणास मोगऱ्याची हौस झालीच, तर मुहूर्त टळलेला नाही.

पंचांग चैत्र आणि वैशाख या दोन्ही महिन्यांना वसंत म्हणते. चैत्रापुरते ते खरे आहे. वैशाखाविषयी मात्र असे वाटते की, पंचांगकर्ता वैशाखात भर दुपारी खामगावच्या स्थानकावर कधी उतरला नसावा. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे सरकारदप्तरी तालुके तेरा. लोकांच्या तोंडी मात्र जिल्ह्याचे भाग दोनच, घाटावर आणि घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा अजिंठ्याच्या रांगेवरचा पठारी मुलूख. आणि मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्याकडचा सखल, काळ्याभोर जमिनीचा प्रांत. बुलढाणा गाव समुद्रसपाटीपासून २,००० फुटांहून अधिक उंच, तर खाली पूर्णाकाठी ती उंची निम्मीच भरेल. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली आल्यानंतर पुढे जिल्ह्याची कचेरी या आडवळणी डोंगरावर आली, त्यात साहेबलोकांना मानवणाऱ्या हवेचा वाटा मोठा होता. राजूर घाट उतरून मोताळ्याकडे जाताना वैशाखात अंगाला लागणारी झळ ज्याने अनुभवली आहे, त्याला त्या निवडीचे कारण निराळे सांगावे लागत नाही.

हवा मिळाली, पण पाण्याच्या बाबतीत डोंगरमाथा नेहमीच कृपण. पैनगंगा याच तालुक्यात उगम पावते आणि तिच्यावरच्या येळगावच्या धरणाचे पाणी बुलढाण्याला मिळते. तरीही वैशाखात नळाचे दिवस बोटांवर मोजावे लागतात, आणि प्रत्येक घरात पाण्याचा एक अलिखित जमाखर्च सुरू होतो. या जमाखर्चातूनच आमच्याकडची परसबाग जन्मते. बाग म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे हिरवळ, कारंजी आणि कातरलेली कुंपणे येतात, त्यांना हे परस बाग वाटणारही नाही. न्हाणीच्या नालीशी कर्दळ आणि आळू, त्यांच्या पलीकडे केळीचे एखादे बेट, भिंतीला टेकलेला शेवगा, कोपऱ्यात कढीपत्ता, जुन्या बादलीत पुदिना, तुळशीवृंदावनाच्या सावलीत गवती चहा, आणि ओसरीच्या समोर, मानाच्या जागी, मोगरा. या मांडणीत शोभेचा विचार थोडा आणि पाण्याच्या वाटेचा विचार फार. माणसाने एकदा वापरलेले पाणी ज्या क्रमाने मळत जाते त्या क्रमाने झाडे लावलेली असतात. कर्दळ आणि आळू यांची मुळे सदैव ओल्या, घाणेरड्या जागेतही तग धरतात, म्हणून न्हाणीशी त्यांची वहिवाट. आता शहरांतले अभियंते सांडपाणी शुद्ध करण्याकरिता कर्दळीचे वाफे मुद्दाम आखतात असे वाचले, तेव्हा आमच्या आजीच्या न्हाणीमागचा चिखल मला एकाएकी शास्त्रीय वाटू लागला.

मात्र हा क्रम मोडला की झाड बोलून दाखवते. काही वर्षांपूर्वी काटकसरीच्या भरात मी धुण्याचे साबणी पाणी सरसकट मोगऱ्याला घालू लागलो. पहिल्या उन्हाळ्यात काही जाणवले नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, कळ्या वाटाण्याएवढ्या होऊन गळू लागल्या, आणि कुंडीच्या काठावर मिठासारखा पांढरा थर चढला. साबणातला सोडा मातीत साचत जातो. माती जसजशी क्षारयुक्त होते तसतसे तिच्यात लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, आणि पान आतून उपाशी राहते. पुढे वरची माती काढून टाकली, नवी भरली, आंबट ताकाचे निवळ पाण्यात मिसळून दोन-तीनदा घातले, आणि मोगऱ्याकरिता फक्त डाळ-तांदूळ व भाजी धुतलेले पाणी वेगळ्या घंगाळात साठवण्याची शिस्त लावली. साबणी पाण्याचा वारसा पुन्हा कर्दळीकडे गेला.

कुंडीच्या काठावरचा तो पांढरा थर पाहिला की मला लोणारची आठवण होते. उल्कापाताने काळ्या कातळात खणले गेलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर म्हणजे वस्तुतः बुडाला छिद्र नसलेली एक अवाढव्य कुंडीच आहे. चहूंकडचे पाणी आत येते, बाहेर पडावयास वाट नाही. वाफ होऊन पाणी तेवढे जाते आणि क्षार मागे राहतात. अकबराच्या काळी अबुल फझलाने आईन-ए-अकबरीत या भागाचा उल्लेख केला आहे, तो येथे काच आणि साबण करण्याची सामग्री मिळते म्हणून! साबणाने माझी कुंडी लोणार केली. लोणारने मात्र एके काळी साबण पुरवला. २०२० च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा लोकांनी नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील संशोधकांनी ते क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचे काम असल्याचे सांगितले. उन्हाळ्याने पाणी आटले, खारटपणा वाढला आणि या जीवांचे फावले, इतकाच तो चमत्कार. त्याच विवराच्या कडेला गोड्या पाण्याची धार मात्र बारमाही वाहते, आणि तिच्या वाटेवरची झाडी ऐन वैशाखातही गर्द असते. निचरा म्हणजे काय, हे शिकवावयास याहून मोठा वस्तुपाठ मला ठाऊक नाही.

मातीचेही असेच आहे. काळी माती कसदार म्हणून कुंडीत निव्वळ काळी भरणारा मनुष्य वैशाखात पस्तावतो. कारण ही माती ओलीने फुगते व उन्हाने आकसते, तिला भेगा पडतात, आणि घातलेले पाणी मुळांना न शिवता भेगांतून थेट तळाशी जाते. निम्मी काळी, उरलेल्यात शेणखत आणि बारीक मुरूम किंवा वाळू, असे मिश्रण आमच्याकडे मानवते. २०१८ च्या सुमारास जिल्ह्यातल्या तलावांचा गाळ उपसून शेतांत पसरण्याची मोठी मोहीम निघाली, तेव्हा माझ्यासारख्या हौशी लोकांनीही चार-चार पोती गाळ घरी आणला. गाळ उत्तम, पण एकटा घातला तर विटेसारखा बसतो, हेही तेव्हाच कळले. वर वाळक्या पानांचे चांगले वीतभर आच्छादन मात्र कोणत्याही मातीवर हवेच. उघडी माती आणि उघडे डोके, वऱ्हाडच्या उन्हात दोन्ही सारखीच.

परगावी जाणाऱ्यासाठी एक जुनी युक्ती आहे. झिलई नसलेले, साधे भाजलेले मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. भोवतीची माती कोरडी पडेल तसे पाणी मडक्यातून पाझरते, आणि माती ओली असेल तोवर थांबते. मालकाच्या हुकमाची गरज राहत नाही. चीनमधल्या फान शंग-ची या कृषिपंडिताने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, पुरलेल्या मडक्याभोवती खरबुजाच्या चार बिया लावण्याची रीत लिहून ठेवली आहे. आमच्या कुंभाराने त्याचे नाव ऐकले नाही. पण उन्हाळा सरता सरता गळका माठ स्वस्तात मागावयास गेलो की तो न विचारता ‘झाडाखाली पुरायला का?’ एवढेच म्हणतो.

न गळणारा माठ ओसरीत असतो, आणि वैशाखातल्या सुखांची गणती तेथून सुरू होते. घाटाखालचा उन्हाळा प्रखर खरा, पण कोरडा आहे. आणि माठाची करामत सारी या कोरडेपणावर चालते, कारण मडक्याच्या अंगावरची ओल जितकी भराभर उडेल तितकी आतल्या पाण्याची उष्णता ती घेऊन जाते. कोकणातल्या दमट हवेत हाच माठ निरुत्साही होतो. त्यात वाळ्याची जुडी किंवा मोगऱ्याची चार फुले सोडली की मग सरबताची आठवण राहत नाही.

सकाळचे सुख वाळवणाचे. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे चुलीवर रटरटू लागला की घरातली मुले हाक न मारता उठतात. कुरडया नंतर, आधी वाटीभर गरम चीक. ज्वारीचे धापोडे, सांडगे, मुगवड्या, शेवया आणि आमच्याकडचे खास सरगुंडे, म्हणजे काडीवर गुंडाळून वाळवलेली कणकेची नळी, जी वाफवून आमरसाबरोबर खावयाची. कापडावर पसरलेले हे वैभव राखण्यासाठी सावलीत काठी घेऊन बसवलेल्या मुलाला बुलबुल आणि चिमण्या यांची जितकी ओळख होते तितकी पाठ्यपुस्तकांतून होत नाही. त्याच वेळी परसात लिंबाच्या दोन पानांची शिवण घालून शिंपी पक्ष्याने घरटे केलेले असते, आणि ते आपल्याला कळले आहे हे त्याला कळू न देण्यात साऱ्या घराचे एकमत असते.

वैशाख शुद्ध तृतीयेला, खानदेशाला लागून असलेल्या मलकापुराकडे जिला आखाजी म्हणतात त्या दिवशी, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते. पाण्याचा इतका तुटवडा असलेल्या ऋतूत मृतांना द्यावयाचे ते पाणीच, ही योजना मला फार अर्थपूर्ण वाटते. त्याच संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या शेतात घटमांडणी होते. वर्तुळात धान्ये मांडतात. मध्यभागी खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, आणि घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत रात्रभर काय फेरफार झाला ते पाहून पावसाचे व पिकाचे भाकीत सांगतात. ही परंपरा साडेतीनशे वर्षांची म्हणून सांगतात. भाकिताच्या खरेपणाची हमी मी देणार नाही, आणि त्यावर पेरणी ठरवावी असे तर मुळीच म्हणणार नाही. पण ज्या कुरडईची राखण आमचे पोर महिनाभर करते तीच तेथे पर्जन्याच्या दरबारात साक्षीदार म्हणून उभी राहते, हे मात्र मला आवडते.

संध्याकाळी पाच-साडेपाचला घाटावरचा वारा फिरतो. अंगणात सडा पडतो, तोही दुपारच्या भांड्यांच्या पाण्याचा. बाजा बाहेर येतात, बंगईच्या कड्या कुरकुरू लागतात. मोगरा या वेळी फुललेला नसतो. टपोऱ्या, टोकाशी किंचित सैल झालेल्या कळ्या तेवढ्या खुडावयाच्या आणि ओल्या फडक्यात ठेवावयाच्या. त्या दिवेलागणीनंतर आपोआप उमलतात, आणि बटमोगऱ्याची एक ओंजळ साऱ्या गच्चीला पुरते. वरून फुकट मिळणाऱ्या आणखी एका सुगंधाची दखल मात्र कोणी घेत नाही. कडुलिंबाचा मोहोर चैत्रात सुरू होतो आणि वैशाखाच्या प्रारंभापर्यंत रेंगाळतो, रात्री वारा पडला की त्याचा मंद, मधासारखा वास खाली उतरतो. पाने कडू म्हणून आपण या झाडाला गुढीपाडव्याच्या पलीकडे फारसे विचारीत नाही.

गावठी आंबा सर्वांत शेवटी येतो. बांधावरच्या प्रत्येक रायवळ झाडाची चव निराळी, म्हणून नावही निराळे. कोणी शेप्या, कोणी खोबऱ्या, कोणी शेंदऱ्या. पाडाला आलेले आंबे उतरवून पेंढ्याच्या आढीत घालतात, आणि मग आठ-दहा दिवस घरातला प्रत्येक जण काही ना काही निमित्ताने त्या खोलीत डोकावून येतो. रस काढून झाल्यावर पातेले विसळलेले पाणी आळूला जाते, आणि कोयी न्हाणीमागे फेकल्या जातात. तेथे त्यांची आठवण कोणी ठेवीत नाही. तोवर पावश्याने ‘पेर्ते व्हा’चा धोशा लावलेला असतो, मृगाची एखादी सर येऊन जाते, कर्दळीच्या बुडाशी तांबूस, लवलवत्या पानांची रोपे उभी राहतात, आणि एके दुपारी मुलांना त्यांचा शोध लागतो. रोप उपटून कोयीतली बी काढावयाची, न्हाणीच्या दगडावर तिचे एक टोक घासावयाचे, आणि फुंकर मारावयाची. पुढचे चार दिवस ओसरीत पिपाण्यांखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही.