भाद्रपदाची कुत्री, पौषाची पिल्लं

पहाटे पावणेपाच

नारायण पेठेत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. गिऱ्हाईक बहुतेक स्पर्धा परीक्षेची मुलं, कॉट बेसिसवर राहणारी. त्यांची कणीक सहाला भिजते. त्याआधी शेगडीवर चढतं ते गल्लीतल्या जनावरांचं पातेलं. कण्यांचा भात आणि खाटकाकडून आणलेल्या कोंबडीच्या माना-पाय. हाड बोटाने चुरेल इतक्या शिट्ट्या काढलेले, कारण अर्धवट शिजलेलं हाड आतड्याला टोचतं. मीठ-मसाला काही नाही. आदल्या रात्री शिजवलेलं असतं, पहाटे फक्त कोमट करायचं आणि भरपूर पाणी घालून पातळ करायचं. थंडीत गार पाण्याला जनावर तोंड लावत नाही, आणि पाणी कमी पडलं की बोक्यांची लघवी तुंबते. ती तुंबली की दोन दिवसांत जीव जातो.

पुण्यात कसली आलीय थंडी, असं ऐकवणारे असतात. १७ जानेवारी १९३५ ला पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता, एवढंच मी त्यांना सांगते. हल्ली रात्री आठ-नऊ अंश झाले तरी बातमी होते, हे खरं. पण इथला त्रास नुसत्या गारठ्याचा नाही. पहाटे ९ अंश आणि दुपारी २९, एवढा फरक एका दिवसात सोसायचा असतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, त्यामुळे जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि गार हवा उतरून नदीपात्राच्या बाजूला साचते. सगळ्यात वाईट वेळ मध्यरात्रीची नसते, सूर्योदयाच्या आसपासची असते. म्हणून माझी फेरी पाचनंतर.

साडेपाच

कोपऱ्यावर रखवालदार मामांची शेकोटी. निखारे विझत आले की कुत्री येऊन थेट राखेत झोपतात. वरून गार दिसणाऱ्या राखेखाली विस्तव असतो. पोटाखालचे केस करपतात, पंजे भाजतात, आणि जनावर लंगडायला लागेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. शेकोटीत प्लास्टिक आणि टायरचे तुकडे जातात ती आणखी वेगळी कटकट. पण मामांना शेकोटी पेटवूच नका म्हणायचं कुठल्या तोंडाने? "ताई, थंडी मला पण वाजते," असं ते एकदा म्हणाले, त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आमचं ठरलंय. लाकूड तेवढं जाळायचं, आणि उठताना राखेवर लोखंडी घमेलं पालथं घालायचं. शेजारी फळीवर तरट टाकून दिलंय, कुत्री तिथे झोपतात. फळी महत्त्वाची. फरशी आणि सिमेंट अंगातली ऊब खालून ओढून घेतात. जमिनीपासून चार बोटं वर उचललं तरी पुरतं.

सव्वासहा

मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये, गणपतीच्या रथाच्या सांगाड्याखाली कुत्री व्यायली आहे. या दिवसांतलं माझं खरं काम हे.

आपल्याकडे भाद्रपद आणि कुत्री हे नातं सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरून माणसांना टोमणेही मारतात. हिशेब मात्र कुणी पुढे नेत नाही. कुत्रीचे दिवस साधारण ६३. भाद्रपद-आश्विनातली जोडी म्हणजे कार्तिकापासून पौषापर्यंत पिल्लं, ऐन थंडीच्या तोंडावर. धडधाकट गावठी कुत्रा पुण्याची थंडी अंगाचं वेटोळं करून काढतो, त्याची काळजी मी फारशी करत नाही. पिल्लांचं तसं नसतं. पहिल्या आठवड्यात त्यांना कुडकुडताही येत नाही. सगळी ऊब आईची आणि भावंडांची. ती घोळक्यातून बाजूला सरकली की गार पडत जातात.

आज एक तसं निघालं. कोपऱ्यात एकटं, अंग गार, हलवलं तरी आवाज नाही. मंडळाचा एक मुलगा धावत जाऊन वाटीत दूध घेऊन आला. चांगल्या मनाच्या माणसांच्या हातून पिल्लं मरतात ती इथे. गारठलेल्या पिल्लाचं आतडं काम करत नाही. दूध पोटात तसंच राहतं, फुगतं, नाहीतर फुप्फुसात जातं. आधी ऊब, मग दूध, हा क्रम चुकवायचा नाही. पिल्लाच्या तोंडात बोट घालून बघायचं. जीभ गार लागली तर पोटात काहीच द्यायचं नाही. मी त्याला स्वेटरच्या आत, छातीशी घेतलं. बाटलीत गरम पाणी भरलं, जुन्या बनियनमध्ये गुंडाळली आणि खोक्यात एकाच बाजूला ठेवली, म्हणजे जास्त तापलं तर दुसऱ्या बाजूला सरकायला जागा राहते. पहिल्या आठवड्यात पिल्लाभोवती तीस अंशांच्या आसपास ऊब हवी, आणि शेडमध्ये होते दहा. पाऊण तासाने ते वळवळलं, कुईं केलं, तेव्हा आईच्या सडाला लावलं. आई जवळ नसती तर पिल्लांची दूध पावडर लागली असती. गाईच्या दुधाने जुलाब होतात. आणि पाजायचं ते पोटावर ठेवून, माणसाच्या बाळासारखं उताणं धरून नाही.

कुत्रीचं जेवण तिच्या तोंडाशी नेऊन ठेवते. ती अन्न शोधायला बाहेर पडली, की तेवढ्या अर्ध्या तासात पिल्लं गारठतात. पिल्लांना उचलून "सुरक्षित" घरी नेणारे भेटले की मी हात जोडते. आई जिवंत असेल तर तिच्याइतकी ऊब कुठल्याही घरात नाही.

साडेसात

गाड्या निघायची वेळ. मांजरं रात्री इंजिनाच्या उबेला बॉनेटखाली शिरतात. चावी फिरवण्याआधी बॉनेटवर दोन थापा. गल्लीतल्या तीन-चार जणांना सवय लागली आहे, बाकीच्यांच्या गाड्यांवर मीच मारते. त्यावरून बोलणीही खाते.

साडेनऊ

ऊन आलं. तरटं, गोणपाट झटकून कठड्यावर टाकले. रात्रीच्या दवाने आणि मुतानं ते भिजलेले असतात. ओलं पांघरूण हे पांघरूण नसण्यापेक्षा वाईट.

शेजारच्या इमारतीतली एक मुलगी लाल स्वेटर घेऊन आली, गल्लीतल्या काळूसाठी. स्वतः शिवलेला, बाह्यांना लेस वगैरे. मी नको म्हटलं, ती हिरमुसली. घरच्या म्हाताऱ्या कुत्र्याला, पगला, डॅक्सहुंडला रात्री जरूर घाला. पण रस्त्यावरच्या कुत्र्याचा स्वेटर सकाळी नऊला उतरवणार कोण? अकराला त्याला तो भाजायला लागतो. दव पडलं की ओला होतो, कुंपणाच्या तारेत अडकतो, वाढत्या वयाच्या कुत्र्याच्या काखेत काचून जखम होते आणि जखमेत आळ्या पडतात. फोटो छान येतात, हे कबूल. तिला म्हटलं, तोच कपडा कापून त्यात परावर्तक पट्टी घाल आणि सैल पट्टा शिव. धुक्यात दुचाकीवाल्यांना कुत्रं दिसेल. ती "बघते" म्हणाली. पुणेरी "बघते"चा अर्थ काय तो तुम्ही जाणताच.

दुपारी दीड

जेवणाची गर्दी. वाढता वाढता एक मुलगा हळूच म्हणतो, "काकू, मांजराला सर्दी झालीये. पाव क्रोसिन देऊ का?" खोलीत मांजर लपवून ठेवलंय हे घरमालकाला माहीत नाही, मला आत्ता कळलं. आमटीची पळी हातात तशीच ठेवून ओरडले, नको! पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते पचवायला लागणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच. रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, एका गोळीतही खेळ संपतो. कापूर, बाम, निलगिरीचं तेल हेही चोळायचं नाही, ते चाटतं. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेत दहा मिनिटं बसव, डोळे-नाक कोमट पाण्याच्या बोळ्याने पूस, वासाचं काहीतरी गरम करून खायला दे, आणि दिवसभर खाल्लं नाही तर डॉक्टर. वाढलेलं ताट तसंच ठेवून पोरगा खोलीकडे पळाला.

चार

गणेश पेठेतला मासळी बाजार. बर्फातल्या मासळीचे थर्माकोलचे खोके तिथे रिकामे होऊन पडलेले असतात. बर्फाला वितळू न देणारा खोका मांजराची ऊबही बाहेर जाऊ देत नाही. घरी आणून सोड्याने धुवायचा, झाकण पक्कं चिकटवायचं, आडव्या बाजूला मांजर जेमतेम शिरेल एवढंच भोक, दोन विटांवर ठेवायचा, तोंड भिंतीकडे. आत कापड घालायचं नाही, भाताचा पेंढा. मुळशी-मावळात कापणी नुकतीच उरकलेली असते, तिकडून दूध घालायला येणारा भाऊ पेंडी आणून देतो. पेंढा ओल धरत नाही आणि मांजर त्यात घुसून बसतं.

संध्याकाळी सात

उद्याचा भात. मार्गशीर्षात कुत्र्यांची चैन असते. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नावाने भरीत-रोडगा, दत्तजयंतीला पेढे. भावना उत्तम, पण दुसऱ्या दिवशी गल्लीभर जुलाब. दत्ताच्या कुत्र्याला बिनमिठाची पोळी घातली तरी दत्त रागावणार नाहीत.

रात्री नऊ

दुसरी पंगत, नदीकडच्या भिंतीपाशी. ही जागा गल्लीने मिळून ठरवलेली आहे. मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यांपासून, दारांपासून लांब. २०२३ चे पशु जन्म नियंत्रण नियमही तेच सांगतात, आणि २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने वाटेल तिथे खायला न घालता ठरलेल्या जागीच घाला, असं बजावलं.

समोरचे काका थांबले. त्यांच्या नातवाला मागे कुत्रं चावलं होतं. ते चिडून बोलले, मी ऐकून घेतलं, कारण त्यांचं चुकत नव्हतं. पिल्लंवाली कुत्री जवळ आलेल्या मुलावर धावून जाते. मंडळाच्या शेडसमोर मुलांनी जाऊ नये म्हणून दोरी बांधली आहे, हे त्यांना सांगितलं. चावलंच तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी इंजेक्शन, हेही. हळद-तिखट नाही. काका म्हणाले, "एवढं करता, तर ती वाढू नयेत याचं काय?"

साडेदहा

भांडी झाल्यावर वही काढते. प्रत्येक कुत्र्याचा रंग, खूण, लस आणि कानाला खाच आहे की नाही. खाच म्हणजे नसबंदी झालेली. शेडमधल्या कुत्रीला नाही. दूध पाजणारी उचलत नाहीत, तेव्हा पिल्लं सुटी होईपर्यंत थांबायचं, पिल्लांना सहा-आठ आठवड्यांची झाल्यावर लस द्यायची आणि मग तिचा नंबर. काकांचं उत्तर तेच आहे. पौषात पिल्लं वाचवण्यापेक्षा भाद्रपद टाळणं स्वस्त पडतं.

तुमच्या गल्लीत कान न कापलेली कुत्री असेल तर तिची नोंद महापालिकेकडे उन्हाळ्यातच करा. श्रावण लागला की उशीर झालेला असतो.