अ‍ॅम्प घ्या स्टीलसाठी

स्पीकरच्या ओहमचं गणित आज सोडवायचं होतं. ते पुढच्या खेपेला. मधल्या आठवड्यात इचलकरंजीहून एका वाचकांचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न माझ्या इतका आवडीचा निघाला की ओहमला थांबावंच लागेल. हे गृहस्थ जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांत वाजवतात. मध्यंतरापर्यंत मांडीवर हवाईन गिटार, म्हणजेच स्टील, मध्यंतरानंतर गळ्यात स्पॅनिश. टेम्पोत दोन अ‍ॅम्प चढवायला ऑर्केस्ट्राचा मालक तयार नाही. ‘एकावर भागवा’ म्हणतो. भागेल का, आणि भागवायचं तर अ‍ॅम्प कुठल्या गिटारीकडे बघून घ्यायचा, असं ते विचारतात.

भागेल. आणि अ‍ॅम्प घ्यायचा तो डोळे मिटून स्टीलकडे बघून. स्पॅनिश त्याच्यावर जमवून घेता येते. उलटं करायला गेलात, म्हणजे स्पॅनिशवर झकास गुरगुरणारा अ‍ॅम्प आणून त्याला स्टील जोडलीत, तर पहिल्याच लांब सुराला पस्तावाल.

पुष्कळांचा असा समज असतो की अ‍ॅम्प ही मुळात स्पॅनिशवाल्यांची वस्तू आणि स्टीलवाले त्यावर कसंबसं चालवून घेतात. इतिहास नेमका उलटा आहे. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या कंपनीने जी विजेवरची गिटार बाजारात आणली, ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. अ‍ॅल्युमिनियमची ओतीव, गोल पोटाची, लांब दांड्याची. दिसायला तव्यासारखी, म्हणून नावही ‘फ्राइंग पॅन’ पडलं. लिओ फेंडरचीही तीच कथा. १९४५ साली डॉक कॉफमन या भागीदाराबरोबर त्याने जे छोटं दुकान मांडलं, त्यातून लॅप स्टील आणि तिच्या जोडीचा अ‍ॅम्प बाहेर पडत असे. फेंडरची भरीव लाकडाची स्पॅनिश गिटार बाजारात यायला १९५० उजाडलं. म्हणजे या घराची मूळ मालकीण स्टील. स्पॅनिश भाडेकरू म्हणून आली आणि रॉक अँड रोलच्या जोरावर तिने सातबारा आपल्या नावावर करून घेतला.

आपल्याकडेही वेगळं नव्हतं. वॅन शिपले यांच्या एचएमव्हीच्या तबकड्यांवर वाद्य म्हणून ‘इलेक्ट्रिक गिटार’ छापलेलं असे, आणि त्यातून निघणारा आवाज हवाईन गिटारचा. त्यांच्या जोडीला अ‍ॅकॉर्डियनवर आपल्या पुण्याचे एनॉक डॅनियल्स. ज्यांच्या घरी रेडिओवर ही फिल्मी धून लागायची, त्यांच्या कानात विजेच्या गिटारचा पहिला आवाज म्हणजे मींड घेत चाललेली स्टीलच.

आता मुद्द्याचं. स्पॅनिशवाल्याला अ‍ॅम्प थोडा फाटलेला आवडतो. जोरात झटका मारला की आवाजाच्या कडा चुरचुरतात, सूर दाबला जाऊन लांबतो, आणि त्याच चुरचुरीत ब्लूजपासून रॉकपर्यंतचा सगळा संसार आहे. स्टीलवर तेच झालं तर विचका होतो. कारण स्टीलवाला तारांवर टेकवलेल्या पोलादी बारने दोन-तीन सुरांची जोडी एकदम घेऊन ती अख्खी सरकवतो. अ‍ॅम्प फाटू लागला की त्या सुरांच्या बेरजा-वजाबाक्यांचे भलतेच सूर आत तयार होतात. दोन सुरांत ते खपून जातं. तीन सुरांत, आणि तेही बार सरकत असताना, नुसता गाळ उपसल्यासारखं ऐकू येतं. बार कानाने जागेवर लावून जो गोड गंधार तुम्ही मिळवलेला असतो, तो त्या गाळात जातो.

दुसरं कारण पायात आहे. स्टीलवाल्याचा उजवा पाय सतत व्हॉल्यूम पेडलवर असतो. तार छेडताना पेडल साधारण अर्ध्यावर. सूर विरायला लागला की पाय हळूहळू खाली. तार मरत जाते, पेडल उघडत जातं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, सूर तसाच उभा आहे. स्टीलचं जे गाणं आहे, ते निम्मं या पायात आहे. पण याचा अर्थ असा की अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम स्पॅनिशवाला ठेवील त्यापेक्षा बराच वर ठेवावा लागतो, आणि चुकून पेडल पूर्ण दाबलेलं असताना नखी तारेवर जोरात बसली तर तो सगळा लोंढा अ‍ॅम्पला न फाटता झेलता आला पाहिजे. हिशेब करा. समजा, सरासरी ५ वॅटवर तुमचं वादन चाललंय. त्याच्यावर १० डेसिबलचा धक्का आला तर लागणार ५० वॅट. कानाला तो धक्का जेमतेम दुप्पट वाटतो, अ‍ॅम्पला मात्र दहापट ताकद काढावी लागते. म्हणून स्टीलवाले ८०, १००, २०० वॅटच्या गोष्टी करतात. त्यांना कोणाचे कान फोडायचे नसतात. त्यांना शिल्लक हवी असते.

तिसरं, पिकअप. पेडल स्टील, म्हणजे पायातल्या पेडलांनी तारांचे सूर बदलणारी मोठी स्टील. तिच्यावरच्या एकेरी कॉइलच्या पिकअपला तारेचे इतके वेढे असतात की मीटर लावला तर १७-१८ किलोओहम दाखवतो. स्ट्रॅटोकास्टरची पिकअप ६ किलोओहमच्या आसपास. नुसत्या ओहमवरून जोर मोजता येत नाही हे खरं, पण अंदाज येतो. एकाच भोकात दोन्ही वाद्यं आळीपाळीने घातलीत तर स्टील आली की आवाज उसळणार आणि स्पॅनिश आली की बसणार.

तर मग कुठला अ‍ॅम्प? व्हॉल्व्हवाल्यांत फेंडरचा ट्विन रिव्हर्ब. १९६३ चा जन्म, ८५ वॅट, १२ इंची दोन स्पीकर, आणि व्हॉल्यूम बराच चढवला तरी आवाज स्वच्छ. अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या मंचांवर या एका अ‍ॅम्पवर पिढ्यानपिढ्या दोन्ही वाद्यं वाजली आहेत. त्याचा एकच दोष, वजन. २९ किलोचं धूड दोघांनी मिळून उचलायचं. २०१९ पासून फेंडरने याचाच डिजिटल भाऊ टोन मास्टर म्हणून काढलाय. तो १५ किलोचा आहे आणि आत एकही व्हॉल्व्ह नाही. नाकं मुरडणारे मुरडोत, टेम्पोवाल्या पोराला विचारा.

ट्रान्झिस्टरवाल्यांत पीव्हीचे अ‍ॅम्प तर स्टीलसाठीच घडवलेले. सेशन ४०० आणि मागून आलेला नॅशव्हिल ४००, दोन्ही २०० वॅटच्या आसपासचे आणि १५ इंची स्पीकरचे. नॅशव्हिल ११२ हा त्यांचा धाकटा, ८० वॅट आणि १२ इंची. एकट्याने उचलून नेता येतो. पण आपल्या भागात हे अ‍ॅम्प शोधत बसण्यापेक्षा रोलंडचा जॅझ कोरस १२० बघा, असं मी म्हणेन. १९७५ पासून तो आहे, ६० वॅटचे दोन स्वतंत्र अ‍ॅम्प एका पेटीत, १२ इंची दोन स्पीकर, आणि आवाज काचेसारखा. भाड्याने सामान देणाऱ्यांकडे तो हमखास असतो. फक्त त्याचं ब्राइटचं बटण स्टीलला बंद ठेवा, नाहीतर वरच्या पट्टीत सुई टोचल्यासारखं होतं.

इथे १५ इंची स्पीकरबद्दल जरा बोलतो. तो माझा जुना हट्टाचा विषय आहे. पुष्कळ जण सांगतात, ‘स्टीलला खर्ज लागतो, म्हणून पंधराचा स्पीकर.’ ऐकायला पटतं, पण पेडल स्टीलचं जे सगळ्यांत प्रचलित ई-नाइन ट्यूनिंग आहे, त्याची सगळ्यांत खालची, दहावी तार आहे ‘बी’, म्हणजे सुमारे १२३ हर्ट्झ. आपल्या साध्या स्पॅनिशची जाड ‘ई’ ८२ हर्ट्झवर वाजते. म्हणजे खर्ज स्पॅनिशचाच खोल! दहा तारांच्या सी-सिक्स ट्यूनिंगची तळाची ‘सी’ ६५ हर्ट्झपर्यंत उतरते खरी, तिथे पंधराच्या स्पीकरला अर्थ आहे. पण ई-नाइनवाले पंधरावर का जीव टाकतात? कारण वरचं टोक. वरच्या तारा बारीक, बार बाराव्या पडद्याच्याही पुढे, तिथला सूर छोट्या कडक स्पीकरवर तारेसारखा कानात घुसतो. मोठा कोन ती धार मारतो आणि सुराला अंग येतं. सहा तारांच्या हवाईन गिटारवर, आणि आपल्याकडे तीच जास्त, चांगला बारा इंची स्पीकर पुरतो. ट्रेबलचं बटण थोडं मागे घेतलं की झालं. पंधराच्या नादी लागून पाठ मोडून घेऊ नका.

आता त्या अ‍ॅम्पवर स्पॅनिश कशी बसवायची. फाटलेला आवाज हवाच असेल तर तो पेडलमधून घ्या. ट्यूब स्क्रीमर जातीचं पेडल इथे विशेष कामाला येतं, आणि त्याला कारण आहे. स्टीलवाले बहुधा ८०० हर्ट्झच्या आसपासचा मध्य भाग कमी करतात, कारण तिथे स्टील नाकात बोलते. पीव्हीच्या अ‍ॅम्पवर तर त्यासाठी वेगळं फिरतं बटण दिलेलं आहे. ट्विनच्या टोनच्या बटणांचा स्वभावच मध्य खाणारा. ट्यूब स्क्रीमर नेमका ७२० हर्ट्झच्या आसपास मध्य फुगवतो आणि खालचा बेस छाटतो. म्हणजे स्टीलसाठी केलेला खड्डा स्पॅनिशच्या वेळी पेडल भरून काढतं, आणि अ‍ॅम्पचं एकही बटण हलवावं लागत नाही. कार्यक्रमात, अंधारात, निवेदिका पुढच्या गाण्याचं नाव घेत असताना याची किंमत कळते.

व्हॉल्यूमचा फरक मोडायला माझा सरळ उपाय: स्पॅनिशही त्याच व्हॉल्यूम पेडलमधून काढा आणि ते स्टीलच्या वेळेपेक्षा थोडं जास्त दाबून ठेवा. साध्या पेडलमधून स्पॅनिशची चमक थोडी मरते. पेडलच्या आधी बफर असलेलं कुठलंही छोटं पेडल ठेवलंत तर ती वाचते. अ‍ॅम्पला दोन चॅनेल असतील तर प्रत्येकीला स्वतंत्र चॅनेल, हे सगळ्यांत छान. मात्र जुन्या घडणीच्या ट्विनमध्ये रिव्हर्ब एकाच, व्हायब्रेटोच्या चॅनेलला मिळतो. तो स्टीलला द्या. कोरड्या स्टीलइतकं उघडं वाद्य दुसरं नाही.

विकत घेण्यापूर्वी पारख कशी करायची, तेही पत्रात विचारलंय. दुकानात स्वतःची स्टील, स्वतःचं पेडल, स्वतःचा बार घेऊन जा. दुकानदाराच्या भिंतीवरची गिटार हातात घेऊन काही कळणार नाही. बार बाराव्या पडद्यावर ठेवा, वरच्या तीन तारा एकदम छेडा, पेडल अर्ध्यावर. सूर विरू लागला की पाय खाली, पूर्ण टेकेपर्यंत. शेवटच्या टोकाला तीनही सूर वेगळे ऐकू येताहेत का? मग अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम तुम्ही कार्यक्रमात ठेवाल त्याहून थोडा वर करा आणि पेडल पूर्ण दाबून जोरात छेडा. पहिल्याच क्षणी ‘टर्र’ झालं तर उठा, चहा प्या, दुसरं दुकान बघा. नंतर एकट्या पहिल्या तारेवर खालून वर लांब मींड घ्या. वर जाताना आवाज बारीक होत गेला तर तो दोष स्पीकरचा किंवा पेटीचा. सगळ्यांत शेवटी, एकही बटण न हलवता स्पॅनिश लावा आणि खालचा ई मेजर वाजवा. घुमला तर बेस एक आकडा कमी करा आणि परत स्टील लावून बघा. दोघींना पटेल अशी जागा मिळते.

या सगळ्याला एक सणसणीत अपवाद आहे. डेव्हिड लिंडलीने जॅक्सन ब्राउनच्या साथीला लॅप स्टील फाटक्या आवाजात वाजवली, आणि ती ऐकून कोणाचीही खात्री पटेल की स्टील गुरगुरतेही उत्तम. अमेरिकेतल्या हाउस ऑफ गॉड चर्चमधले स्टीलवाले, रॉबर्ट रँडॉल्फ त्यांतलाच, तेही तिला ओरडायला लावतात. तुम्हाला तेच वाजवायचं असेल तर माझा आजचा सगळा सल्ला बाजूला ठेवा आणि ४० वॅटचा, लवकर फाटणारा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घ्या. दोन्ही गिटारी त्यावर खूश राहतील. पण मध्यंतरापर्यंत साठीच्या दशकातली गाणी वाजवायची असतील तर ते चालणार नाही. मुखड्याआधीच्या त्या चार लांब सुरांत काही लपत नाही.

पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय की अमेरिकेतला भाचा दिवाळीला येताना सेकंडहँड ट्विन आणू शकतो. भाच्याला आधी मागच्या पट्टीवर काय छापलंय ते वाचायला सांगा. तिथे फक्त १२० व्होल्ट असेल तर इथल्या २३० वर लावल्याक्षणी तो जळणार. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, ५०० व्हीएचा, म्हणजे टेम्पोत आणखी चार-पाच किलो. शिवाय फक्त ६० हर्ट्झसाठी केलेला अ‍ॅम्पमधला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, म्हणून अ‍ॅम्पची पाठ पडद्याला किंवा भिंतीला चिकटवून ठेवू नका. आणि त्या स्टेप-डाउनवर दुसरं काही लावायचं नाही. साउंडवाल्याचा मोबाइल चार्जरसुद्धा नाही.