अडून बसलेला बॉल जॉइंट

व्यापारी कुटुंबात वाहनकर्जाचा हप्ता, विम्याची मुदत आणि इंधनाचा खर्च यांची नोंद चोख असते. पुढच्या चाकाला जागेवर धरणाऱ्या बॉल जॉइंटची मात्र तो खडखडू लागेपर्यंत कोणी दखल घेत नाही. मग गॅरेजमध्ये घणाचे घाव ऐकू येतात आणि ‘जोड सुटतच नाही’ असे उत्तर मिळते. तो का सुटत नाही व योग्य रीतीने कसा सोडवितात, हे मालकाने जाणून घेतल्यास खर्च तर वाचतोच. शिवाय गाडीत बसणाऱ्या आपल्या माणसांची सुरक्षितताही राखली जाते.

बॉल जॉइंट म्हणजे पोलादी वाटीत बसविलेला गोल माथ्याचा दांडा. चाक खालीवर होताना आणि वळताना तो सर्व दिशांना फिरतो. आत ग्रीस व बाहेर रबरी बूट असतो. बूट फाटला की पाणी व धूळ आत शिरून जोड झिजतो. खड्ड्यातून जाताना टकटक आवाज येणे, स्टिअरिंग भरकटणे, टायर एका बाजूने अधिक झिजणे ही त्याची लक्षणे होत. अतिशय झिजलेला जोड धावत्या गाडीत निखळला, तर चाक आडवे होते आणि स्टिअरिंगवरचा ताबा जातो. म्हणून ही दुरुस्ती पुढे ढकलू नये.

आता अडून बसण्याचे कारण पाहू. अनेक गाड्यांत या दांड्याचे टोक निमुळते असते आणि चाकाच्या नकलमधील तशाच निमुळत्या भोकात ते बसते. हा निमुळतेपणा अल्प असतो. साधारणतः आठ ते दहा मिलिमीटर लांबीमागे व्यास एक मिलिमीटरने घटतो. नट आवळला की दांडा भोकात ओढला जाऊन घर्षणाने घट्ट रुततो. स्वयंपाकघरात स्टीलचे पेले एकात एक अडकतात, तोच हा प्रकार. त्यामुळे नट काढला तरी जोड सुटत नाही. गंज ही अडचण वाढवितो. पण मूळ पकड त्या आकाराचीच असते.

ही पकड मोडण्यासाठी जाणकार मिस्त्री प्रथम गाडी सपाट जागी घेऊन मागच्या चाकांना अडण लावतो. नंतर केवळ जॅकवर विसंबून न राहता गाडी भक्कम स्टँडवर टेकवितो. कॉटर पिन काढून नट सैल करतो, परंतु काही आटे राखून तो दांड्यावरच ठेवतो. कारण जोड सुटतो तो एकदम, झटक्याने. काही पिकअप वाहनांत स्प्रिंगचा सारा भार खालच्या आर्मवर असतो. तेथे आर्मखाली जॅकचा आधार नसेल, तर हा झटका प्राणघातक ठरू शकतो.

यानंतर पुलर लावून दांड्यावर दाब दिला जातो. तेवढ्याने जोड न सुटल्यास, दाब कायम ठेवून, दांडा ज्या भोकात बसला आहे त्याच्या बाहेरील जाड कड्यावर बाजूने हातोड्याचे ठोके देतात. समोरच्या बाजूस दुसरा जड हातोडा टेकविल्यास ठोक्याचा जोर वाया जात नाही. कडे क्षणभर किंचित विरूप होते आणि पकड सुटते. अ‍ॅल्युमिनियमच्या नकलवर मात्र असे ठोके देऊ नयेत. तेथे पुलरच वापरावा.

दांड्याच्या टोकावर घण घालणे ही सर्रास होणारी चूक. त्याने टोक पसरते, आटे बिघडतात आणि चांगला जोडही निकामी होतो. दुबेळकी पाचर ठोकल्यास जोड लवकर सुटतो, पण रबरी बूट बहुधा फाटतो. गॅसच्या ज्योतीने तापविल्यास बूट व ग्रीस जळतात, शिवाय पोलादाचा कणखरपणा बिघडण्याची भीती असते. नवा जोड बसवायचाच असेल तर जुन्याचा बूट फाटल्याने बिघडत नाही. पण शाफ्ट किंवा बुश बदलण्यापुरताच जोड सोडवायचा असेल, तर तो अखंड राहिला पाहिजे. म्हणून ‘हाच जोड पुन्हा बसविणार की नवा?’ हा प्रश्न मालकाने काम सुरू होण्यापूर्वीच विचारावा.

अनेक छोट्या मोटारींत खालचा दांडा निमुळता नसतो. नकलच्या चिरेत आडव्या बोल्टने तो आवळलेला असतो. तेथे बोल्ट सैल करून भागत नाही. तो दांड्याच्या खाचेतून जात असल्याने पूर्ण काढावा लागतो. मग चीर पाचरीने अगदी किंचित रुंदावून दांडा खाली ओढतात. चीर अधिक फाकविली तर नकलच वाया जाते.

जोडणी करताना दांडा व भोक स्वच्छ, कोरडे पुसावे. नायलॉनचा नट आणि कॉटर पिन नवीनच घ्यावी. नट टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या मापानुसार आवळावा. पिनेचे भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळावा, मागे कधीही फिरवू नये. अखेरीस व्हील अलाइनमेंट तपासून घ्यावे.

बिल हाती आल्यावर आपण बेरीज पडताळतो. त्याच वेळी बूट शाबूत आहे का, पिन नवी आहे का आणि टॉर्क रेंच लावला का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. चांगल्या मिस्त्रीला त्यांचा राग येत नाही. तो चाकाजवळ नेऊन स्वतःच सर्व दाखवितो.