कातड्याला बांधलेली तार

हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या काठी वसलेल्या नर्सी या संत नामदेवांच्या जन्मगावाकडे जाणाऱ्या दिंडीतली वीणा, आणि त्याच मुलखात लग्नकार्यानंतर रात्रभर चालणाऱ्या गोंधळातले तुणतुणे, ही दोन वाद्ये ज्याने लहानपणापासून ऐकली आहेत, त्याला उत्तम वाद्य म्हणजे मौल्यवान लाकूड हे समीकरण मान्य करणे अवघड जाते. औंढ्याजवळच्या एका गावी गोंधळात तर मी असे तुणतुणे पाहिले की, त्याचे लाकडी नळकांडे जाऊन तेथे तेलाचा पत्र्याचा डबा आला होता. डब्याचा तळ कापून तेथे शेळीचे कातडे ताणलेले, डब्याच्या कुशीला वेळूची काठी, काठीच्या माथ्याला खुंटी, आणि कातड्याच्या मध्यातून निघून पोकळीतून वर खुंटीपर्यंत गेलेली एकच पोलादी तार. ती निसटू नये म्हणून कातड्याखाली सदऱ्याची एक गुंडी अडकविलेली. एवढ्या सामग्रीवर ते वाद्य संबळाच्या कल्लोळातही स्वच्छ ऐकू येत होते.

नुसती तार दोन खिळ्यांमध्ये ताणून छेडली, तर तिचा आवाज हातभर अंतरावरही जेमतेम पोहोचतो, कारण इतकी बारीक वस्तू हवेला ढकलीत नाही, हवा तिच्या दोन्ही अंगांनी निसटून जाते. म्हणून तारेची थरथर एखाद्या रुंद पृष्ठभागाच्या स्वाधीन करावी लागते, आणि वाद्य घडविण्याचे सारे कसब या हस्तांतरात आहे. सतारीत किंवा तंबोऱ्यात तार घोडीवरून जाऊन तबलीला हलविते. तुणतुण्यात मात्र ती कातड्याला काटकोनात बांधलेली असते, आणि येथेच मोठी मौज आहे. तार उजवीकडे झुकली की किंचित लांबते व तिचा ताण वाढतो, मध्यावर येताना तो उतरतो, आणि डावीकडे गेली की पुन्हा वाढतो. म्हणजे तारेचे एक आंदोलन पुरे होईतो कातड्याला दोनदा ओढ बसते. तार सेकंदाला दोनशे आंदोलने करीत असेल, तर कातडे चारशे वेळा ओढले जाते, आणि वरच्या सप्तकातला तोच स्वर त्यातून उमटतो. बंगालातल्या एकताऱ्याची घडणही अशीच; आणि चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सरकारी हिशेबखात्यात नोकरी करीत असता, १९०९ साली, या एकताऱ्यावर स्वतंत्र लेख लिहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कातडे अतिशय हलके असल्यामुळे तारेची शक्ती ते झपाट्याने हवेत उधळून टाकते, म्हणून नाद मोठा पण अल्पायुषी होतो. लाकडी तबली तीच शक्ती सावकाश खर्च करते, म्हणून तंबोऱ्याचा सूर रेंगाळतो. गोंधळ्याला उघड्या अंगणात ठेका धरावयाचा असतो, त्याला रेंगाळणारा सूर घेऊन काय करावयाचे? गरजेप्रमाणे साहित्य बदलते; सतारी व तंबोरे घडविणाऱ्या मिरजेच्या कारागिरांना हवा असतो तो भोपळा. पंढरपूर परिसरात भीमेकाठी पिकणारा, कडू म्हणून कोणी न खाणारा, पण वाळल्यावर हलका आणि तरीही ताठ राहणारा. हलकेपणा आणि ताठपणा यांचा हा संयोगच नादाला हवा असतो, मग तो वेलीवर पिकलेला असो की कारखान्यात. बोस्टनच्या वाद्यवृंदातले सेलोवादक लुईस लेगिया यांना आपल्या फायबरग्लासच्या नावेच्या अंगावर आपटणाऱ्या लाटांचा घुमारा ऐकून सुचले, आणि त्यांनी पुढे कार्बनतंतूंचा सेलो घडविला. नावेत सेलो ऐकणारा तो कान आणि तेलाच्या डब्यात तुणतुणे ऐकणारा आमच्या गोंधळ्याचा कान, यांच्यात मला जातीचा भेद दिसत नाही.

पत्र्यामुळे नाद बिघडत नाही का, असे मी त्या गोंधळ्याला विचारले. डब्याचे काम कातडे ताणून धरण्याचे आणि आतली हवा कोंडण्याचे. ते पत्राही करतो, असे माझे अनुमान होते. त्याचे उत्तर वेगळे होते. ‘‘डब्याचं काही नाही, मालक,’’ तो म्हणाला, ‘‘कातड्याला दव सोसत नाही.’’ मध्यरात्र उलटून गारठा पडला, तसे कातडे ढिले पडून सूर उतरला होता. त्याने दिवटीच्या ज्योतीपासून वीतभर दूर तुणतुण्याचा तळ धरला, हळूहळू फिरवला, अंगठ्याने कातडे दाबून पाहिले, आणि मग खुंटीला पाव फेरा दिला.