प्रा. निस्सीम इझिकेल : स्मृती हरपलेल्या शिक्षकाचे स्मरण

इंग्रजीचा प्राध्यापक म्हटला, की आपल्या घरांतून एक ठरावीक चित्र डोळ्यांपुढे येते. कडक इस्त्रीचे कपडे, जाड भिंगांचा चष्मा आणि तोंडात अशी भाषा, की समोर उभ्या असलेल्या आपल्या पोराची बोबडी वळावी! इंग्रजीच्या भीतीने कॉलेज सोडलेली कितीतरी मुले आम्ही वस्तीत पाहिली आहेत. म्हणूनच मुंबईच्या एका निवृत्त इंग्रजी प्राध्यापकाची ओळख वाचकांना करून द्यावी, असे आम्हाला वाटले. त्यांचे नाव प्रा. निस्सीम इझिकेल.

नाव परके वाटेल, पण माणूस आपल्याच मातीतला. डिसेंबर १९२४ मध्ये मुंबईत त्यांचा जन्म झाला. घराणे बेने इस्रायली, म्हणजे कोकणात शेकडो वर्षे राहिलेल्या मराठी भाषक यहुदी समाजातले. हा समाज घाण्यावर तेल गाळी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून गावोगावचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आपल्या समाजाच्या या पूर्वजांची आठवण इझिकेल सरांनी कवितेत मोकळेपणाने ठेवली. वडील विल्सन कॉलेजात विज्ञान शिकवीत, तर आई शाळा चालवीत असे.

सरांनी १९४७ साली विल्सन कॉलेजातून इंग्रजी घेऊन एम.ए. केले आणि पुढच्याच वर्षी इंग्लंड गाठले. तिथे ते बर्कबेक कॉलेजात तत्त्वज्ञान शिकले. दिवसा काम करणाऱ्यांना संध्याकाळी शिकता यावे म्हणून नावाजलेले हे कॉलेज, १८२३ साली कारागिरांसाठी निघालेल्या संस्थेतून वाढलेले. नोकरी सांभाळून शिकणे म्हणजे काय, हे आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरदार विद्यार्थ्यांचा विचार करून वर्ग सकाळी ठेवले होते.

इंग्लंडातच १९५२ साली सरांचा पहिला कवितासंग्रह निघाला. पण त्याच वर्षी मायदेशी परतताना कवी महाशयांच्या खिशात भाड्याला पैसे नव्हते! मालवाहू जहाजावर डेक घासण्याचे काम पत्करून ते मुंबईला आले. एम.ए. झालेल्या माणसाने हातात झाडू घेतला आणि त्याची लाज न बाळगता पुढे कवितेतही तो प्रसंग लिहिला. श्रमाला हलके मानणाऱ्या आपल्या देशात ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते.

पुढे त्यांनी साप्ताहिकात काम केले, जाहिरात कंपनीत नोकरी केली. १९६१ पासून ते मिठीबाई कॉलेजात इंग्रजी विभागाचे प्रमुख होते. १९७२ च्या सुमारास ते मुंबई विद्यापीठात गेले आणि १९८० च्या दशकात तिथूनच निवृत्त झाले. १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार आणि १९८८ साली पद्मश्री, असे मानही मिळाले.

त्यांची ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’ ही कविता क्रमिक पुस्तकांतून अनेकांनी वाचली असेल. पावसाळी रात्री घरात विंचू शिरतो आणि आईला चावतो. शेजारीपाजारी कंदील घेऊन धावत येतात. कुणी मागच्या जन्मीच्या पापाचे बोलतो, कुणी पुढच्या जन्माचे. वडील शंका घेणारे, बुद्धिवादी, पण घाबरून तेही मिळेल तो उपाय करून पाहतात. शेवटी विष उतरते तेव्हा आईच्या मनात एकच समाधान असते, की विंचू मुलांना चावला नाही. दुःख भोगणाऱ्या बाईच्या माथी पूर्वजन्मीचे पाप मारण्याची ही रीत आपल्याला पुरती ठाऊक आहे. सरांनी त्यावर भाषण केले नाही. नुसती आई पुढे उभी केली आणि ते पुरेसे झाले.

आपल्याकडे कचेऱ्यांत, सभांत जे मोडकेतोडके इंग्रजी बोलले जाते, त्यावरही त्यांनी कविता केल्या. ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही त्यातलीच एक. असली निरोपाची भाषणे आम्ही कारकुनांनी किती ऐकली असतील! सर आमची थट्टा करतात, असा आक्षेप काहींनी घेतला. वाचताना थोडे झोंबते, हे खरे. तरी पण आमची ती भाषा कवितेत घेण्याजोगी आहे, असे त्यांना वाटले, हेही तितकेच खरे. मराठीशी नातेही त्यांनी राखले. बेळगावच्या कवयित्री इंदिरा संत यांच्या कविता त्यांनी वृंदा नाबर यांच्यासह इंग्रजीत नेल्या.

पण सरांची खरी थोरवी पुस्तकांबाहेरची. न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमध्ये पी.ई.एन. या लेखक संस्थेच्या कचेरीत ते बसत. नवशिके कवी वही घेऊन तिथे येत. सर वाचत, चुका दाखवत, पुन्हा लिहायला लावत. डॉ. गीव्ह पटेल या तरुण डॉक्टरच्या कवितांचे पहिले पुस्तक १९६६ साली त्यांनी स्वतः प्रसिद्ध केले. दुसऱ्याला वेळ देणे हीच त्यांची मिळकत होती.

आणि अशा माणसाच्या वाट्याला काय यावे? उतारवयात त्यांना अल्झायमर झाला. शब्दांवर ज्याने आयुष्य काढले, त्याच्याकडून शब्दच हिरावले गेले. शेवटची काही वर्षे त्यांनी शुश्रूषागृहात काढली आणि ९ जानेवारी २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

वाचकहो, या आजाराबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. तेच तेच विचारणारे, घरचा रस्ता चुकणारे, जेवलो हे विसरणारे आजोबा-आजी आपल्या चाळींतही आहेत. ‘म्हातारचळ लागला’ म्हणून आपण हसतो, नाही तर ओरडतो. हा हट्ट किंवा ढोंग नव्हे, मेंदूचा आजार आहे. आजची गोष्ट आधी पुसली जाते, लहानपणीची पुष्कळ दिवस टिकते. तो पुरता बरा करणारे औषध आजही नाही. तरी विसरण्याची दुसरी कारणेही असतात आणि त्यांतली काही उपचाराने सुधारतात. म्हणून डॉक्टरला वेळीच दाखवावे आणि घरच्यांनी आवाज खाली ठेवावा.

इझिकेल सरांचे चरित्र त्यांच्या हयातीतच, २००० साली, आर. राज राव यांनी लिहिले. त्यांच्या कविता छापील आहेत, शिष्य बोलणारे आहेत. म्हणून सरांची स्मृती गेली तरी सर राहिले. पण आपल्या वस्तीतल्या निवृत्त मास्तरांचे काय? कंदिलाखाली शिकून मास्तर झालेली, पगारातून परक्या पोरांची फी भरलेली ती माणसे आज ओट्यावर एकटी बसलेली असतात. त्यांच्यावर पुस्तक लिहायला कुणी येणार नाही. ते काम आपलेच.

येत्या रविवारी आपल्या शिक्षकाकडे जा. सोबत मुलांना न्या, एक वही न्या. कुठल्या शाळेत शिकलात, पहिला पगार किती होता, कुणी मदत केली, कुणी दार लावून घेतले, सारे विचारा आणि लिहून घ्या. त्यांना आठवते आहे, तोवरच हे होईल.