अंगणातला नळ गळतोय?

जळगावला वाघूर धरणाचं पाणी, धुळ्याला तापी आणि नकाणे तलावाचं. ते रोज येतंच असं नाही, म्हणून घरोघरी टाक्या भरून ठेवतात. टाकीवरच्या नळाची गळती मात्र अहोरात्र चालते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ४ लिटरहून जास्त, वर्षाला दीड हजार लिटर!

गळती कुठून होते, ते आधी पाहा. नळ बंद असतानाही तोंडातून थेंब पडत असेल, तर बहुधा आतला वायसर झिजलेला असतो. टाकीचा कॉक बंद करून नळाचं डोकं पान्ह्याने खोला, त्याच मापाचा वायसर बसवा. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नळात सहसा वायसर नसतो. त्याचा आतला स्पिंडल बदलावा लागतो.

दांड्याजवळून झिरपत असेल, तर तिथला नट थोडा आवळून पाहा.

खानदेशातलं ऊन प्लॅस्टिकच्या नळाला ठिसूळ करतं. उघड्यावर पितळी नळच बरा. नवा नळ बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. पाइप पीव्हीसीचा असेल, तर नळ हाताने बसवून पान्ह्याने जेमतेम आवळा. जास्त जोर दिला की सॉकेट तडकतं.