सहावा रोजा, अष्टमीचे पाणी

रमजानची तारीख आणि खाडीचे पाणी यांचा हिशोब एकाच चांदावर चालतो, हे आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मशिदीतल्या वेळापत्रकात सहरी संपण्याची आणि इफ्तारची मिनिटे छापलेली असतात, तर कोळीवाड्यात तिथी तोंडपाठ असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित कोकण किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. आठाची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला पूर्ण भरती सकाळी सहाच्या सुमारास येते आणि पुन्हा संध्याकाळी सव्वासहा-साडेसहाला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण एवढ्या अंदाजावर होडी पाण्यात लोटता येते.

चंद्रकोर डोळ्यांनी दिसल्यावरच इस्लामी महिना सुरू होतो, त्यामुळे आपली तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते. यंदा रमजान फाल्गुनात आला आहे. अष्टमी सहाव्या रोज्याला पडते, म्हणजे त्या दिवशी सहरी संपताना खाडी भरत आलेली असते आणि इफ्तारच्या खजुरापाशीही ती भरतच आलेली असते. ईदचा चांद दिसतो त्या संध्याकाळी मात्र पाणी ओहोटीच्या तळाकडे चाललेले असते आणि किनाऱ्याला नुसता चिखल दिसतो.

हे गणित मला शिकवले ते बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या माझ्या दोस्ताने. मी त्यांना नाखवा म्हणतो, ते मला सर म्हणतात. त्यांची मुलगी आमच्या कॉलेजात शिकली, तेव्हापासूनची ओळख. सहाव्या रोज्याच्या आदल्या रात्री तरावीहची नमाज पढून घरी येतो तोच त्यांचा फोन आला. "सर, पानी भांगाचा हाय. जाल लावून काय उपेग नाय. गरवायला येता का?"

भांग म्हणजे उधाणाच्या उलट. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते, पाणी खूप चढते, खूप उतरते आणि जोराने धावते. हाच धावता प्रवाह डोल जाळ्याला हवा असतो. तोंड उघडे ठेवून जाळे उभे राहते आणि पाणीच मासळी आणून देते. अष्टमीच्या आसपास ओढ विभागली जाते, पाणी मंद होते आणि थोडे निवळते. जाळे लोळते. मग गळ आणि दोरी बाहेर निघते. गरवणे हे भांगाच्या दिवसांतले काम आहे. शहरातले लोक त्याला छंद म्हणतात, नाखव्यांच्या घरी त्यावर दिवसाचा बाजार ठरतो.

पहाटे साडेतीनला आम्ही धक्क्यावरून निघालो. सोबत एक बालदी, तिच्यात खाडीचे पाणी आणि चाळीसेक जिवंत कोळंब्या. रात्री पाग फेकून त्यांनी त्या धरल्या होत्या. दर दहा-पंधरा मिनिटांनी ते बालदीतले थोडे पाणी ओतून ताजे पाणी घेत. कोळंबी कोंदट पाण्यात लवकर मरते आणि मेली की त्यांच्या लेखी तिची किंमत निम्मीही राहत नाही.

नेरुळ-उरण रेल्वेच्या पुलापाशी नांगर टाकला. एका बाजूला विमानतळाचे दिवे, दुसऱ्या बाजूला काळी खारफुटी. रोहित पक्षी कुठे दिसतात का म्हणून मी उगाच अंधारात बघत होतो. नाखवा म्हणाले, पाणी चढले की त्यांचा चिखल बुडतो, मग ते नेरुळ-सीवूड्सच्या तळ्यांवर जाऊन उभे राहतात. ठाणे खाडीचा एक भाग २०१५मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२मध्ये रामसर यादीत आला. पक्ष्यांना मात्र भरतीच्या वेळी टेकायला अभयारण्याबाहेरची ही तळीच लागतात आणि त्यांच्यावर नजर कोणाची नाही?

डबा उघडला. माझ्याकडे खिचडी, खिमा आणि खजूर, त्यांच्याकडे तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. कोकणी मुसलमानाच्या घरीही भाकरी तांदळाचीच असते, त्यामुळे वाटणी सोपी झाली. कोळंबी खावी की नाही यावरून उत्तरेकडच्या हनफी मित्रांशी माझी जुनी हुज्जत आहे. ती मासा आहे की नाही यावर त्यांच्या आलिमांत मतभेद आहेत. आम्ही कोकणी शाफई, आमच्याकडे दर्यातले जवळजवळ सगळेच चालते. हजच्या एहराममध्येही जमिनीवरची शिकार मना आहे, दर्याची चालते.

खरी अडचण खाण्याची नव्हतीच, ती बालदीतल्या जिवंत कोळंबीची होती. नाखव्यांनी एक उचलली, शेपटीच्या शेवटच्या पेरातून गरी अलगद काढली आणि ती पाण्यात सोडली. ती पोहत राहिली. तिने पोहत राहावे यासाठीच तर गरी तिथे लावायची. डोक्यातल्या काळ्या ठिपक्याला धक्का लागला तर ती जागीच मरते. जिवंत जीव असा गळाला अडकवणे अनेक आलिम मकरूह, म्हणजे नापसंत, मानतात. मासेमारीला हरकत नाही, पण आमिष आधी मारून मग लावावे, असे ते सांगतात. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य करू नका, अशी पैगंबरांची ताकीद हदीसमध्ये आहे, तिचाच हा धागा. मी नाखव्यांना हे सांगितले आणि माझ्या दोरीला मेलेली कोळंबी मागितली.

ते हसले नाहीत. बालदीतली एक मेलेली काढून दिली आणि म्हणाले, "लावा, सर. पन मेली कोलंबी शिंगाल्याला. जिताडा तिच्याकं बघायचा नाय." थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "जाल्यात मासली मरते ती काय सुखानं मरते? दोन-दोन तास तडफडते. ही एक कोलंबी तुमाला दिसली, येवढंच."

याला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. जाळ्यातल्या मरणाला मी कधी हरकत घेतलेली नाही, कारण ते मी पाहिलेले नाही, हे खरे आहे. तरीही डोळ्यांसमोरच्या एका जिवाला कमी त्रास द्यावा हे काही चुकीचे होत नाही. आम्ही दोघे आपापल्या दोरीवर बसून राहिलो. त्यांच्याही काही अटी असतात. अंड्यांनी भरलेली कोळंबी गळाला लावायची नाही. वीतभर जिताडा लागला तर सोडून द्यायचा. बालदीत उरलेल्या कोळंब्या परत खाडीत. या अटी त्यांना कोणी पुस्तकात वाचून दाखवलेल्या नाहीत.

जिताडा जिवंत आमिषच का घेतो? तो पाठलाग करणारा मासा नाही. खांबाच्या, मुळांच्या आडोशाला दबा धरून बसतो, समोरून काही फडफडत गेले की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्याला हालचाल लागते. शिंगाळ्याला वास पुरतो. रायगडात खारबंदिस्तीच्या उघाडीपाशी, जिथून आतले पाणी धारेने बाहेर येते, तिथे जिताडा हमखास उभा असतो, हे पेण-अलिबागकडचे शेतकरी सांगतील. तिकडे तो तळ्यांत पाळतातही. हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे खाडीतले मोठे जिताडे मारत गेलो तर अंडी घालणाऱ्या माद्याच संपतात. सरकारी कामासाठी साहेबाच्या घरी पोचवायचा मासा म्हणूनही रायगडात त्याची ख्याती आहे. ती गंमत वेगळ्या लेखाची.

पावणेसहाच्या सुमारास फज्रची वेळ झाली. खाऱ्या पाण्याने वुजू चालतो. प्रश्न दिशेचा होता, कारण नांगरावरची होडी फिरत राहते. नाखव्यांनी एक वल्हे चिखलात रोवून धरले आणि म्हणाले, "तुर्भ्याच्या डोंगराकं तोंड करा, तीच तुमची बाजू." ट्रॉम्बेला जुने कोळी तुर्भेच म्हणतात. मक्का इथून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, आणि ट्रॉम्बेचा डोंगरही तिकडेच. बसून नमाज पढलो; होडीत तशी मुभा आहे. मला उमासे येत होते. आपोआप उलटी झाली तर रोजा तुटत नाही, मुद्दाम काढली तर तुटतो, हे मी मनाशी दोनदा घोकले. उलटी झाली नाही.

भरती टिपेला पोचली, पाणी थांबले. माझ्या दोरीला शिंगाळा लागला, पाठोपाठ दुसरा. त्याचे काटे विषारी असतात. नाखव्यांनी फडक्यात धरून गरी सोडवली. मग पाण्याने पाठ फिरवली आणि त्यांनी होडी खारफुटीतल्या एका नाळीच्या तोंडाशी नेली. ओहोट लागला की तिवरांत शिरलेली पिल्ले आणि कोळंबी याच वाटेने बाहेर पडते. सात वाजून गेले असतील. त्यांची दोरी एकदम ताणली, मासा पाण्याबाहेर उसळला, डोके झटकले. त्याच्या गलफड्याची कड सुरीसारखी असते, दोरी कापली जाते, म्हणून ते ती कधी ढिली, कधी आवळ करत दहा मिनिटे खेळत राहिले. साडेतीन किलोचा असावा. वीस कोळंब्यांत एक जिताडा.

"पयले एका पहाटेत चार लागायचे," ते म्हणाले. या खाडीच्या मुखाभोवती गेल्या पन्नास वर्षांत काय काय झाले ते वाचकांना माहीत आहे. १९७०मध्ये सिडको आली, १९७३मध्ये वाशीचा पहिला पूल, १९८९मध्ये न्हावा-शेवा बंदर, २०२४मध्ये अटल सेतू, मग विमानतळ. मी त्यातल्या बहुतेक रस्त्यांवरून रोज जातो, तक्रार करणार नाही. पण ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या वेळी वाशीच्या मच्छीमार संस्थेला भरपाईसाठी मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०२१मध्ये न्यायालयाने सरकारला अशा प्रकल्पांसाठी भरपाईचे धोरण ठरवायला सांगितले. जमीन गेली की सातबारा दाखवता येतो. पाणी गेले तर कोळ्याने काय दाखवावे?

परतताना नाखवा थर्मासमधला चहा माझ्याकडे पाठ करून प्यायले. मी हरकत नाही म्हटले तरी वळले नाहीत. दिवाळ्याच्या बाजारात जिताडा लगेच गेला. शिंगाळे त्यांनी पिशवीत घालून माझ्या हातात दिले, "इफ्तारला करा," म्हणाले. होळी तेराव्या रोज्याच्या आसपास येते आहे, तेव्हा होड्या सजतील आणि पाणी उधाणाचे असेल. नाखव्यांचे डोल जाळे त्या दिवसांत पुन्हा उभे राहील. तोवर शिवायचे काम बाकी आहे, असे म्हणून ते सुतळीचा गुंडा शोधायला घरात गेले.